आजार कोणाच्या खात्यावर?

फौजेतून घरी निघालेल्या जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा एक छापील अहवाल भरला जातो. लष्करी बोलीत त्याला ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ म्हणतात. आजाराचं नाव काय, तो पहिल्यांदा कधी दिसला, त्या वेळी नेमणूक कुठे होती, सध्या तो किती टक्के आहे, असे रकाने त्यात असतात. त्यानंतर दोन प्रश्न येतात. हा आजार सेवेमुळे उद्भवला का? सेवेमुळे बळावला का? या दोन प्रश्नांपुढे डॉक्टर जे लिहितील, त्यावर त्या माणसाच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं गणित ठरतं. दोन्हींपुढे ‘नाही’ आलं की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, आकडी किंवा मनाचा आजार त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमा होतो. एका प्रश्नापुढे जरी ‘होय’ आलं आणि आजार किमान 20 टक्के धरला गेला, तर त्याची जबाबदारी सरकारवर येते. ‘डिसेबिलिटी पेन्शन’ या नावाने ओळखला जाणारा सगळा झगडा या दोन रकान्यांभोवती फिरतो.

मुंबईच्या उपनगरांना हा विषय दूरचा वाटण्याचं कारण नाही. कांदिवलीला लष्कराचं आयुध भांडार आहे, मालाडला मार्व्याच्या बाजूला ‘आयएनएस हमला’ आहे, घाटकोपरला नौदलाचं साहित्य भांडार आहे. मानखुर्दचं स्थान तर या विषयात फार महत्त्वाचं. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी सांभाळणारं ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’ चीता कॅम्पला आहे आणि नौदलाचं पेन्शन कार्यालय मानखुर्दच्याच ‘आयएनएस तानाजी’च्या आधाराने चालतं. त्यामुळे केरळातल्या किंवा बिहारमधल्या एखाद्या नौसैनिकाच्या पेन्शनची फाईल अडली, तरी त्याचा अर्ज शेवटी सायन-ट्रॉम्बे रस्त्यावरच्या या पत्त्यावर येतो.

त्याखेरीज उपनगरांत निवृत्त फौजी राहतात ते वेगळेच. मुलुंड, भांडुप, घाटकोपरची भटवाडी, बोरिवली, अंधेरी इथल्या कितीतरी घरांची मुळं सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणात आहेत. जवान पस्तिशी-चाळिशीत ‘पेन्शनवर’ येतो आणि मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत बिऱ्हाड करतो. मग तो बँकेच्या दारात, एखाद्या सोसायटीच्या फाटकावर किंवा माजी सैनिकांच्या ‘मेस्को’ महामंडळामार्फत मिळालेल्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीत दिसतो. बारा तास उभं राहण्याची ती नोकरी मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला किती दिवस झेपणार? औषधं रोजची, तपासण्या दर तीन महिन्यांच्या, आणि शरीर थकत गेलं की दुसरं उत्पन्नही थांबतं. भरपाईचा प्रश्न खरा उभा राहतो तो इथे.

गोळी लागलेल्या सैनिकाची गोष्ट समाजाला लगेच कळते. मूळचे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचा इतिहास महाराष्ट्रात त्याहूनही जुना आहे. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्या हिंदी सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 मध्ये मुंबईत ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ सुरू झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. जखमेला तारीख असते, ठिकाण असतं, साक्षीदार असतात. दीर्घ आजाराला यातलं काहीच नसतं. रक्तातली साखर कोणत्या रात्रीच्या पहाऱ्यात वाढली, रक्तवाहिन्या कोणत्या बर्फाळ चौकीवर अरुंद व्हायला लागल्या, हे कुणीच दाखवू शकत नाही. म्हणून मग प्रश्न येतो तो पुराव्याचा, आणि पुरावा द्यायचा कुणी याचा.

बहुतेक माजी सैनिकांची समजूत अशी की, आजार नोकरीमुळे झाला हे आपण सिद्ध करायचं आहे. ते कसं करणार, म्हणून अनेकजण अर्जच करत नाहीत. नियम मात्र नेमका उलटा आहे. 1982 च्या पात्रता नियमांनी स्पष्ट धरून चाललं होतं की भरतीच्या वेळी ज्याच्या कागदांवर कुठल्याही दोषाची नोंद नाही, तो माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट होता. पुढे सेवेत त्याची प्रकृती ढासळली, तर ती सेवेमुळे ढासळली असं गृहीत धरायचं. दावेदाराला पात्रता सिद्ध करायला लावायचं नाही आणि वाजवी शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्यायचा. भरतीच्या मैदानावर छाती मोजणारं, धावायला लावणारं, दात आणि डोळे तपासणारं खातं ज्या मुलाला ‘फिट’ म्हणून घेतं, त्याच खात्याने वीस वर्षांनी ‘हा दोष तुझ्या रक्तातच होता’ म्हणायचं असेल, तर त्यासाठी खात्याकडे कारण हवं.

हा नियम कागदावरून न्यायालयात जिवंत झाला तो 2 जुलै 2013 रोजी. धर्मवीर सिंह हे 1985 मध्ये सिग्नल्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले होते. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर आकडीच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं गेलं. बोर्डाने आजार 20 टक्के धरला, पण त्याचा सेवेशी संबंध नाही असं लिहिलं. म्हणजे पंधरा वर्षं न भरल्याने नेहमीचं पेन्शन नाही आणि आजाराचंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा नकार फिरवला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, तो तेव्हा का सापडू शकला नसता याचं कारण बोर्डाने दिलेलं नाही, मग पेन्शन नाकारायचं कशावर, असा न्यायालयाचा सरळ युक्तिवाद होता. त्यानंतर देशभरातले दीर्घ आजाराचे दावे या निकालाच्या आधाराने लढले जाऊ लागले. 2015 मध्ये राजबीर सिंह प्रकरणात याच तत्त्वावर शिक्कामोर्तब झालं. सियाचीनवर नेमणूक असताना आकडी आलेल्या बिजेंदर सिंह यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाकडून न्याय मिळायला एप्रिल 2025 उजाडावं लागलं.

मराठी वाचकांनी लक्षपूर्वक पाहावं असं एक प्रकरण याच काळातलं आहे. सुभेदार गवस 1985 मध्ये भरती झाले आणि 2015 मध्ये निवृत्त झाले. आजार टाइप-2 मधुमेह. बोर्डाचं म्हणणं असं की मधुमेह दिसला तेव्हा ते शांततेच्या ठिकाणी, म्हणजे फौजी भाषेत ‘पीस’मध्ये होते, सबब सेवेशी संबंध नाही. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने पेन्शन मंजूर केलं. केंद्र सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 2025 मध्ये हरलं. न्यायालयाने म्हटलं की ताणाखालच्या जगण्याने मधुमेह होऊ शकतो किंवा बळावू शकतो. तो ‘पीस’मध्ये सुरू झाला एवढ्यावरून सेवेशी नातं तुटत नाही. नातं नाही असं म्हणायचं असेल, तर मग मधुमेह कशामुळे झाला हे बोर्डाने शोधून, कारणासह लिहायला हवं. हे प्रकरण 1982 च्या नव्हे, तर 2008 च्या नियमांखालचं होतं. नव्या नियमांत जवानाच्या बाजूचं गृहीतक उरलेलं नाही, असं सरकार सांगत आलं होतं. पुराव्याचा भार तरीही लष्करावरच राहतो, हे या निकालाने पक्कं केलं. त्याच वर्षी पुढे दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने असंही सांगितलं की ‘हा जीवनशैलीचा आजार आहे’ एवढं एक वाक्य पुरेसं नाही. जीवनशैली माणसागणिक बदलते, तेव्हा या विशिष्ट माणसाची काय होती हे तपासल्याशिवाय तसं लिहिता येत नाही.

‘पीस’ या शब्दाने बाहेरच्या माणसाची फसगत होते. ‘फील्ड’मधून, म्हणजे सीमेवरच्या किंवा मोहिमेच्या नेमणुकीतून, आलेल्या माणसाचं शरीर रेल्वेतून उतरल्याबरोबर ‘फील्ड’ विसरत नाही. उंचीवर विरळ हवेत काढलेले महिने, अपुरी आणि तुटक झोप, रात्रीचे पहारे, वेळी-अवेळी जेवण यांचा हिशेब शरीरात साठत जातो. सततच्या तणावाखाली अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढलेली राहतात. त्यांचं कामच रक्तातली साखर आणि रक्तदाब वर ठेवणं. संकटाच्या क्षणी ती जीव वाचवतात, पण वर्षानुवर्षं वाढलेलीच राहिली तर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तवाहिन्या कडक होतात. अनुवंश, वजन आणि वय यांचाही वाटा असतो, हे कुणी नाकारत नाही. पण कायदा ‘फक्त सेवेमुळे’ असं कधीच मागत नाही. आधीच अंगात असलेला कल सेवेमुळे बळावला, तरी दावा उभा राहतो. शिवाय ‘पीस’मध्येही कवायती असतात, अंतर्गत सुरक्षेची कामं असतात, घरच्यांपासूनची ताटातूट असते. मुलाची दहावी, बापाचं आजारपण, गावच्या जमिनीचा वाद हे सगळं टेलिफोनवरून निभवायचं आणि रजा मिळेल तेव्हाच घर पाहायचं, हेही त्या नोकरीचंच अंग आहे.

लष्कराच्या स्वतःच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेला हे माहीत होतं. 2002 साली निघालेल्या आणि 2008 मध्ये सुधारलेल्या ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स’मध्ये लिहिलं होतं की ‘फील्ड’मध्ये, अतिउंचीवर, बंडखोरीविरोधी मोहिमेच्या भागात किंवा प्रदीर्घ काळ जहाजावर असताना रक्तदाब सुरू झाला, तर तो सेवेमुळे बळावला असं मानावं. हृदयविकाराचा झटका आला, तर त्याआधीच्या 14 दिवसांत त्या माणसाने कोणती कामं केली याची नोंद युनिटकडून मागवावी. ही 14 दिवसांची नोंद किती जणांना ठाऊक असते? इस्पितळात जीव वाचवण्याच्या धावपळीत ती नीट भरली जात नाही आणि पाच वर्षांनी बोर्डापुढे ‘ताणाचा पुरावा नाही’ एवढंच उरतं. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ इस्पितळात किंवा पुण्याच्या कमांड रुग्णालयात दाखल असलेल्या जवानाच्या नातेवाइकाने हा एक कागद त्याच वेळी मागितला, तरी पुढची लढाई निम्मी होते.

आता पैशाचं. डिसेबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात: सेवेबद्दलचा आणि अपंगत्वाचा. 2006 पासून 100 टक्के अपंगत्वासाठी दुसरा भाग शेवटच्या पगाराच्या 30 टक्के धरला जातो आणि टक्केवारी कमी असेल त्या प्रमाणात तो घटतो. केवळ हिशेब कळावा म्हणून शेवटचा पगार 50,000 रुपये धरू. 100 टक्क्यांना 15,000 होतात, 20 टक्क्यांना 3,000. पण यात आणखी एक नियम आहे. 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 असेल तर 75, आणि 76 पासून पुढे 100. म्हणजे 20 टक्केवाल्याच्या हाती 3,000 ऐवजी 7,500 पडतात, वर महागाई सवलत. सरकार हा लाभ फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना देत होतं. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्याला नाही. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मोडून काढला. दोघांचा आजार एकच, टक्का एकच, तर एकाला पन्नास आणि दुसऱ्याला वीस कशासाठी? तरीही निकालानंतर हा लाभ सगळ्यांच्या खात्यात आपोआप जमा झाला नाही. हजारो जणांना फक्त या वाढीव टक्क्यांसाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने एकदा ठरवून दिलेली गोष्ट प्रत्येक जवानाने वकील लावून पुन्हा मिळवायची, हा छळ आहे, आणि तो थांबवणं सरकारच्या एका आदेशाचं काम होतं.

दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी. कॅगच्या 2023 च्या अहवालाने दाखवलं की 2015-16 ते 2019-20 या वर्षांत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के डिसेबिलिटी पेन्शनवर जात होते. जवानांत हे प्रमाण 15 ते 18 टक्के होतं. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब ‘सापडतो’, त्यातून पेन्शन आणि करसवलत मिळते, अशी टीका लष्कराच्या आतूनच झाली. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम लागू झाले ते याच पार्श्वभूमीवर. आजार असूनही सेवेत राहून पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं वेगळं नाव आलं. त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांना हेच नियम लागतात. जुन्या निवृत्तांना त्यांच्या काळचे. न्यायालयंही डोळे मिटून पेन्शन वाटत नाहीत. ऑक्टोबर 2019 मध्ये नरसिंह यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाचा दावा नाकारला, कारण असा आजार भरतीच्या तपासणीत दिसून येईलच असं नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या मताला वजन आहे. उलट मे 2025 मध्ये त्याच आजाराच्या राजुमोन प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की बोर्डाने कारणं दिली नसतील, तर त्याच्या मतावर पेन्शन नाकारता येत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर वाट दिसते. कुणी गैरफायदा घेत असेल तर त्याला पकडायचं साधन बोर्डाच्या हातातच आहे: तपासणी नीट करा आणि कारणं लिहा. त्याऐवजी छापील वाक्य सगळ्यांना सारखं लावलं, की सापडतो तो साधा जवान. वरच्या आकड्यांतच पाहा, जवानांचं प्रमाण अधिकाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आहे. अधिकाऱ्याला नियम माहीत असतात, बोर्डापुढे काय मांडायचं हे कळतं, वकील परवडतो. नाईक-हवालदार पदावरून आलेला माणूस इंग्रजी अहवालावर दाखवलेल्या जागी सही करतो आणि गावी जातो. टीकेचा रोख अधिकाऱ्यांवर असला, तरी नियम आवळले की गळा या माणसाचा आवळला जातो.

हे ओळखणारा एक संरक्षणमंत्री होऊन गेला आणि तो मराठी वाचकांच्या जवळचा होता. गोव्याचे मनोहर पर्रीकर, पवईच्या आयआयटीत शिकलेले. 2015 च्या जुलैमध्ये त्यांनी एक तज्ज्ञ समिती नेमली. त्यात निवृत्त सेनाधिकारी होते, कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंह होते आणि सैनिकांचे खटले लढवणारे वकील मेजर नवदीप सिंह होते. समितीने नोव्हेंबरमध्येच 509 पानांचा अहवाल दिला. खटले निर्माण कसे होतात आणि ते कसे टाळायचे, हा तिचा विषय. आपल्याच अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने अपिलांमागून अपिलं का करावीत, हा प्रश्न त्या अहवालात मुळापासून तपासला आहे. लष्करी जीवनातल्या ताणाचा आजारांवरचा परिणाम बोर्डांनी गांभीर्याने घ्यावा, असंही त्यात आहे. दशकभरानंतर गवस यांच्यासारख्या निवृत्त सुभेदाराला मधुमेहासाठी केंद्र सरकारशी उच्च न्यायालयापर्यंत लढावं लागतं, यावरून तो अहवाल किती अमलात आला हे समजतं.

अमेरिकेने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. व्हिएतनाममध्ये झाडं झडवण्यासाठी फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या रसायनाच्या संपर्कातल्या सैनिकांसाठी काही आजारांची यादीच केली. माणूस त्या काळात त्या भागात होता आणि त्याला यादीतला आजार आहे, एवढं दिसलं की सेवेशी संबंध धरला जातो. टाइप-2 मधुमेह त्या यादीत 2001 पासून आहे. ऑगस्ट 2022 च्या ‘पॅक्ट’ कायद्याने तिच्यात उच्च रक्तदाबाची भर पडली. तिथेही सैनिकांना पन्नास वर्षं झगडावं लागलं, पण आता एकेकट्याने डॉक्टरांशी वाद घालण्याची वेळ कमी येते. सियाचीन आणि अतिउंचीच्या चौक्यांसाठी अशी यादी आपल्याकडे करायला काहीच अडचण नाही. कोण कधी तिथे होता याच्या नोंदी लष्कराकडे आहेतच.

तोवर वाट आहे ती कागदांची. मुलुंडच्या एखाद्या निवृत्त हवालदाराने सुरुवात करायची तर पहिली गोष्ट म्हणजे त्या शेवटच्या बोर्डाच्या अहवालाची प्रत, लष्करी क्रमांकानुसार ए.एफ.एम.एस.एफ.-16. ती हाती नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून मागवायची. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहेच. स्वतःचे वैद्यकीय कागद मागणं हा हक्क आहे. त्याबरोबर भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल, डिस्चार्ज बुक, नेमणुकांचा तपशील आणि पेन्शन मंजुरीचा आदेश (पीपीओ) हवा. नेमणुकांचा तक्ता घेऊन बसावं आणि आजाराची पहिली नोंद ज्या तारखेची आहे तिच्या आधीची दोन-चार वर्षं पाहावीत. ‘पीस’मध्ये आजार दिसला, पण त्याआधी सलग दोन ‘फील्ड’ नेमणुका आहेत, असं चित्र पुष्कळदा निघतं. अपिलात सगळ्यांत आधी मांडायचा मुद्दा तोच.

नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही लष्कराच्या आणि मंत्रालयाच्या समित्यांपुढे चालतात, त्यांना वकील लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते आणि ती मागण्यात संकोच नसावा. हे कार्यालय त्यासाठीच आहे. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आलं आहे. तिथली माहिती एकदा तपासावी, कारण अपंगत्वाची टक्केवारी तिथे चुकीची चढली असेल तर मंजूर रक्कमही कमी येते.

समित्यांनी नाकारलं की पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने ते निर्माण झालं आणि 2009 मध्ये सुरू झालं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठीचं खंडपीठ मुंबईतच आहे, मलबार हिलवर ए. जी. बेल मार्गावरच्या एमटीएनएलच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. चंद्रपूर किंवा सावंतवाडीच्या जवानाच्या तुलनेत बोरिवली-घाटकोपरच्या माणसाला ही सोय मोठी: सकाळची लोकल, ग्रँट रोड, तिथून टॅक्सी. नियमाप्रमाणे सहा महिन्यांत जावं. पण दहा-वीस वर्षं उलटली म्हणून दार बंद होत नाही. 2008 च्या तरसेम सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दर महिन्याला न मिळणारं पेन्शन ही चालू राहणारी हानी आहे. उशिरा गेलेल्याला पेन्शन मिळू शकतं, थकबाकी मात्र सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच. म्हणजे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत काढलेल्या प्रत्येक वर्षाचे पैसे कायमचे जातात. नवरा गेल्यावर त्याच्या हयातीतल्या थकबाकीसाठी पत्नीही दावा करू शकते. न्यायाधिकरणाचा निकाल विरोधात गेला तर 2023 पासून पुन्हा उच्च न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. त्याआधी आठ वर्षं सर्वोच्च न्यायालयाखेरीज जवळपास मार्ग नव्हता आणि दिल्लीचा खर्च कुणाला परवडतो?

निवृत्तीच्या वेळी आजार नव्हता, नंतर दिसला, अशांनाही वाट आहे. बाहेर पडल्यापासून 7 वर्षांच्या आत दिसलेला आजार सेवेतूनच आला आणि उशिरा प्रकट झाला, असं लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य केलं तर तोही धरला जातो. दावा मात्र निवृत्तीनंतर 15 वर्षं उलटून केला, तर 2008 च्या नियमांनुसार पुराव्याचा भार माजी सैनिकावर येतो. म्हणून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या वर्षापासूनच ‘ईसीएचएस’ या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये नियमित तपासणी करावी आणि प्रत्येक अहवाल जपून ठेवावा.

आणि आता अग्निवीर. कांदिवली-मुलुंडच्या मैदानांवर पहाटे धावणारी मुलं चार वर्षांसाठी निघाली आहेत. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे: 100 टक्क्यांना 44 लाख, 75 टक्क्यांना 25 लाख आणि 50 टक्क्यांना 15 लाख. तिथेही त्याच बोर्डाचे तेच दोन रकाने आडवे येतात. तिसऱ्या वर्षी हिमालयात आकडी आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाच्या कागदावर त्या रकान्यांत काय लिहिलं जातं, हे त्याच्या आई-वडिलांनी तो घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यायला हवं. सहा महिन्यांची मुदत नकाराचं पत्र हाती पडल्यापासून सुरू झालेली असते.